मुक्या जिवाचा खाऊ

आपल्या मराठीत ‘चॉकलेट’ हा शब्द फार उदार आहे. रंगीत कागदात गुंडाळलेली कोणतीही गोड वस्तू या एका नावाखाली सुखाने नांदते. संत्र्याच्या फोडीसारखी लिमलेटची गोळी हे चॉकलेट, दातांना चिकटून बसणारी टॉफी हे चॉकलेट, आणि वाढदिवसाला वर्गात वाटतात तेही चॉकलेटच. माझ्या लहानपणी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर आमचे मास्तर प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ‘चॉकलेट’ ठेवीत. ती निव्वळ साखरेची गोळी असे. तिच्यात कोकोचा कणही नसे. आमच्या वाडीत राखणीला काळू नावाचा एक गावठी कुत्रा होता. घरी परतताना आम्ही भावंडे त्याला त्या गोळीतला अर्धा तुकडा देत असू. तो कागदासकट गिळी, शेपटी हलवी आणि पुढच्या भावंडाकडे वळे. चौदा-पंधरा वर्षे केळीच्या बागेत आणि बावखलाच्या काठी राज्य करून त्याने अखेर म्हातारपणानेच देह ठेवला.

असा एखादा काळू वसईतल्या बहुतेक घरांच्या आठवणीत आहे. म्हणूनच ‘कुत्र्याला चॉकलेट देऊ नका’ असे कोणी सांगितले की आमची माणसे हसतात. “फादर, आमच्या कुत्र्यांनी काय काय खाल्लं, काही झालं नाही,” हे वाक्य मी इतक्या ओसऱ्यांवर ऐकले आहे, की ते बोलणाऱ्याच्या ओठांवर येण्यापूर्वीच मला ऐकू येते. त्या वाक्यात खोटे काही नाही. परंतु ते ज्या कुत्र्याविषयी आणि ज्या चॉकलेटविषयी बोलले जाते, ती दोन्ही आता आपल्या घरांत राहिलेली नाहीत. वीस किलोंचा काळू गेला आणि त्याच्या जागी सोफ्यावर झोपणारे तीन-चार किलोंचे पॉमेरेनियन आले. साखरेची गोळी गेली आणि तिच्या जागी आखातातून, बोटीवरून, विमानतळावरच्या दुकानातून आलेले अस्सल काळे चॉकलेट आले. नाव मात्र दोघांचेही जुनेच राहिले. सारा घोटाळा तिथून सुरू होतो.

अस्सल चॉकलेट होते ते ककाओ नावाच्या झाडाच्या बियांपासून. १७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने या झाडाच्या कुळाला ‘थिओब्रोमा’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ देवांचे अन्न. (सेमिनरीत असताना चर्चच्या इतिहासाच्या अभ्यासात आम्हांला एक गमतीची माहिती मिळाली होती. चॉकलेट प्याल्याने उपवास मोडतो की नाही, यावर सतराव्या शतकात धर्मपंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली, आणि अखेर कार्डिनल ब्रांकाच्चिओ यांनी पेयाने उपवास मोडत नाही असा निर्वाळा दिला. तो निर्वाळा वाचून आम्हां तरुण सेमिनरीयनांना त्या कार्डिनलविषयी फार आदर वाटला होता!) १८४१ साली वोस्क्रेसेन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाने ककाओच्या बियांतून एक कडवट द्रव्य वेगळे केले. झाडाच्या नावावरून त्याला ‘थिओब्रोमिन’ म्हणू लागले. कॉफीतल्या कॅफीनचा हा सख्खा भाऊ होय. चॉकलेटमध्ये थोडे कॅफीनही असते. पण कुत्र्याच्या जिवावर उठतो तो प्रामुख्याने हा भाऊ.

शरीरात ॲडेनोसिन नावाचे एक द्रव्य असते. मेंदूला आणि हृदयाला ‘आता जरा विसावा घ्या’ असे सांगण्याचे काम ते करते. थिओब्रोमिन त्याची जागा अडवून बसते. मग हृदय धावू लागते, मूत्रपिंडे अधिक पाणी बाहेर टाकू लागतात आणि स्नायू ताठरतात. आपल्याला चॉकलेट खाल्ल्यावर वाटणाऱ्या तरतरीतही याचा वाटा असतो. फरक इतकाच, की माणसाचे यकृत या द्रव्याची विल्हेवाट बऱ्यापैकी वेगाने लावते, तर कुत्र्याच्या रक्तातील थिओब्रोमिन निम्म्यावर येण्यासच सुमारे साडेसतरा तास लागतात. म्हणजे सकाळी खाल्लेल्याचा निम्मा भाग रात्रीपर्यंत अंगात असतो, आणि त्याच्या निम्मा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. मांजरालाही ते विषच. पण मांजराच्या जिभेला गोड चव मुळी कळतच नाही, त्यामुळे ते सहसा चॉकलेटच्या वाटेला जात नाही. कुत्र्याला गोड कळते, आवडते, आणि थांबणे त्याच्या स्वभावात नाही.

आता थोडे गणित. ते कंटाळवाणे वाटले तरी वाचकांनी एकदा डोळ्यांखालून घालावे अशी माझी विनंती आहे. दुधाळ चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये साधारण दोन मिलिग्रॅम थिओब्रोमिन असते. काळ्या, कडवट चॉकलेटमध्ये पाच ते आठ मिलिग्रॅम. केकसाठी आपण आणतो त्या कोको पावडरीत वीस मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक. पांढऱ्या चॉकलेटमध्ये जवळजवळ नाहीच. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे वीस मिलिग्रॅम पोटात गेले की उलट्या, जुलाब, तहान, अस्वस्थता सुरू होऊ शकते. चाळीस-पन्नास झाले की हृदयाचे ठोके बिघडतात. साठच्या पुढे झटके येऊ शकतात, आणि शंभरीच्या पुढे प्राणाची शाश्वती उरत नाही. आमच्या वीस किलोंच्या काळूने पन्नास ग्रॅम दुधाळ चॉकलेट खाल्ले असते, तर दर किलोमागे पाच मिलिग्रॅम झाले असते, आणि त्याला बहुधा काही झाले नसते. तेच पन्नास ग्रॅम सत्तर टक्के कोकोचे असले आणि कुत्रा साडेतीन किलोंचा असला, तर हिशेब शंभराच्या वर जातो.

हे उदाहरण मी कल्पनेने रचलेले नाही. २०२२ सालच्या नाताळच्या पूर्वसंध्येला ते माझ्या डोळ्यांदेखत, स्तोत्रांच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने मांडले गेले.

त्या रात्रीची मिस्सा संपली होती. लोक एकमेकांना शुभेच्छा देत आवारात रेंगाळत होते आणि गायनवृंदातील मुले-मुली कॉफी घेत उभी होती. इतक्यात एक तरुण मोटारसायकलवरून घाईघाईने आला. त्याची आत्या आमच्या धर्मग्रामातील एक विधवा वृद्धा. एकुलता मुलगा बोटीवर, लेक लग्न होऊन दूर गेलेली. घरात आत्या आणि टफी नावाचा पॉमेरेनियन एवढीच दोघे. बोटीवरच्या मुलाने एका मित्राच्या हाती नाताळची भेट पाठविली होती, ती आत्याने नीट कागदात बांधलेली तशीच नाताळगोठ्याशेजारच्या झाडाखाली ठेवली होती, आणि सायंकाळी साडेसहाला दार लावून ती चर्चला आली होती. आपल्याला बांधलेल्या कागदातून काही कळत नाही. कुत्र्याला कळते. साडेनऊला ती परतली तेव्हा घरभर चांदीचा कागद पसरलेला होता आणि टफी उड्या मारीत होता.

“खूप खुशीत आहे फादर, पण जास्तच खुशीत आहे, म्हणून आत्याने मला पाठवलं,” तो तरुण म्हणाला. त्या वृद्धेची ही शंका मला आजही मोलाची वाटते. विषबाधेची पहिली लक्षणे पुष्कळदा आनंदासारखी दिसतात. कुत्रा उड्या मारतो, एका जागी ठरत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकतो, वाटीभर पाणी पिऊन पुन्हा वाटीकडे धावतो. नाताळच्या रात्री पाहुण्यांच्या गर्दीत तो असा वागला तर कोणाला काय वाटणार?

गायनवृंदात एक तरुण पशुवैद्य गातो. त्याने हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला आणि तीन प्रश्न विचारले. कुत्र्याचे वजन किती, कागद कुठे आहे, आणि तो कधीपासून एकटा होता? वजन ठाऊक होते. मागच्याच महिन्यात लस टोचताना साडेतीन किलो भरले होते. कागदाचे तुकडे त्या तरुणाच्या खिशात होते. ते त्याने का आणले हे त्यालाही सांगता आले नाही, पण ते फार उपयोगी पडले. शंभर ग्रॅमची वडी, सत्तर टक्के कोको. निम्मी शिल्लक होती. मग तो कागदावरचा हिशेब. पन्नास गुणिले आठ, भागिले साडेतीन. एकशे चौदा. डॉक्टर काही बोलला नाही. त्याने स्तोत्रांचा कागद माझ्या हाती दिला आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

आम्ही पोहोचलो तेव्हा शेजारणींनी घर भरले होते. एकीने पेल्यात मिठाचे पाणी कालवून ठेवले होते, दुसरी दूध कोमट करीत होती. दोघींचाही हेतू चांगला होता. डॉक्टरने दोन्ही बाजूला सारले. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे उलटी काढण्याचा हा उपाय घरोघरी ठाऊक आहे. लहान कुत्र्याच्या पोटात इतके मीठ गेले आणि उलटी झाली नाही, तर रक्तातील सोडियम वाढून त्याला मिठानेच झटके येऊ शकतात. दूध तर या विषावर उतारा नव्हेच. आणि कुत्र्याला गुंगी वा झटके येत असताना घशात काहीही ओतले की ते फुप्फुसांत उतरण्याचा धोका असतो. डॉक्टरला कळविणे, आणि तो सांगेल तेवढेच करणे, यापलीकडे घरच्या माणसाच्या हाती फारसे काही नसते.

दवाखान्यात टफीला उलटी करविणारे इंजेक्शन दिले गेले. खाऊन दोन-तीन तास लोटल्यावर याचा काय उपयोग, असे मला वाटले. परंतु चॉकलेटचा गोळा पोटात बराच वेळ चिकटून राहतो, आणि त्या उलटीतून तो पुष्कळसा बाहेर पडलाही. मग पाण्यात कालविलेला सक्रिय कोळसा. तो पोटात विष धरून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. शिरेतून सलाईन. तरीही मध्यरात्रीनंतर त्याचे अंग थरथरू लागले. हृदयाचे ठोके मिनिटाला दोनशेच्या वर गेले. स्टेथोस्कोप क्षणभर माझ्या कानांना लावून डॉक्टरने मला ते ऐकविले. ते ठोके मोजण्यासारखे नव्हते. पत्र्यावर पाऊस पडावा तसा तो आवाज होता. झटके येऊ नयेत म्हणून औषध दिले गेले, हृदयासाठी वेगळे. थिओब्रोमिनवर नेमका उतारा असा नाही. ते शरीरातून निघून जाईपर्यंत हृदय आणि मेंदू सांभाळावे लागतात, इतकेच.

एक गोष्ट मला त्या रात्री नव्याने कळली. दर दोन तासांनी डॉक्टर त्या पोराला, म्हणजे त्या भाच्याला, कुत्र्याला अंगणात नेऊन लघवी करवायला सांगत होता. मूत्राशयात साठलेल्या मूत्रातून हे विष पुन्हा रक्तात शोषले जाते. तेव्हा ते साठू देता कामा नये. आपल्या भावाचा मुलगा नाताळच्या पहाटे तीन वाजता नव्या कोटात, चप्पल घालून, एका थरथरत्या पॉमेरेनियनला हिरवळीवर धरून उभा आहे, हे दृश्य त्या वृद्धेने खिडकीतून पाहिले आणि ती पहिल्यांदा रडली. तिला भीती कुत्र्याची होतीच. पण ती मला हळू आवाजात म्हणाली, “फादर, हा गेला तर मी माझ्या झिलाला काय सांगू? त्यानंच पाठवलेलं.”

टफी जगला. ठोके ताळ्यावर यायला पंचवीस तारखेची संध्याकाळ उजाडली, आणि पुढचे दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही. चॉकलेटमध्ये चरबीही भरपूर असते, तिने स्वादुपिंडाला सूज येते. म्हणून डॉक्टरने आठवडाभर त्याला नुसता मऊ भात आणि बिनमिठाची उकडलेली कोंबडी सांगितली होती. नाताळच्या सणात त्या घरी कोणी चमचमीत जेवले नाही असे ऐकतो.

त्यानंतर मी या विषयावर डॉक्टरला पुष्कळ छेडले, आणि स्वतःही वाचले. ब्रिटनमध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ ते २०१७ या काळातील २२९ पशुदवाखान्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांना कुत्र्यांनी चॉकलेट खाल्ल्याच्या ३८६ घटना आढळल्या. नाताळात असे घडण्याची शक्यता एरवीच्या चौपट, ईस्टरला दुपटीच्या आसपास. व्हॅलेंटाइन दिनाला मात्र काही वाढ नव्हती. प्रेमिक मंडळी चॉकलेट लगेच संपवीत असावीत! म्हणजे आपले दोन मोठे सण हेच या मुक्या जिवांच्या धोक्याचे दिवस. अरण्यातले बलदंड प्राणीही यातून सुटत नाहीत. २०१४ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात शिकाऱ्यांनी आमिष म्हणून टाकलेल्या चॉकलेट व डोनटच्या ढिगाजवळ चार अस्वले मेलेली सापडली. दोन माद्या आणि दोन पिल्ले.

आपल्या नाताळच्या स्वयंपाकघरात चॉकलेटच्या जोडीला आणखीही काही आहे. केकमध्ये रममध्ये भिजविलेले बेदाणे आणि मनुका असतात. द्राक्षे आणि मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. कोणत्या कुत्र्याला किती बाधेल याचा नेम नाही. एखादा मूठभर खाऊनही धडधाकट राहतो, दुसरा थोडक्यात जातो. याचे कारण दीर्घकाळ गूढ होते. २०२१ साली अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी त्याचा माग द्राक्षातील टार्टारिक आम्लापर्यंत नेला. हे आम्ल आपल्या चिंचेत भरपूर असते, तेव्हा चिंचेच्या कोळातले कालवण कुत्र्याच्या भातावर ओतण्याआधी विचार करावा. इंद्यालमधला कांदा-लसूण हा रक्तातील तांबड्या पेशी फोडतो, आणि इथे मांजर कुत्र्याहून नाजूक. चार किलोंच्या मांजराला वीस ग्रॅम कांदा, म्हणजे एका लहान कांद्याहूनही कमी, पुरेसा ठरतो. परिणाम दिसायला मात्र काही दिवस लागतात. तोवर काय खाल्ले होते ते कोणालाच आठवत नाही. आणि मधुमेही आजोबांसाठी आणलेल्या बिनसाखरेच्या गोड वस्तू! त्यांच्या वेष्टनावर ‘झायलिटॉल’ हा शब्द असला, तर त्या कुत्र्यापासून चॉकलेटहूनही दूर ठेवाव्यात. त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर अर्ध्या-एक तासात कोसळू शकते. च्युइंगममध्ये तो पुष्कळदा असतो. मुलांच्या पिंजऱ्यातला पोपट किंवा ससा यांनाही चॉकलेट चारू नये. त्यांची वजने लक्षात घेतली तर गणित वाचकांना स्वतःच करता येईल.

हे सारे ऐकून काही घरांत उलटेच झाले. एक बाई भर दुपारी धर्मगुरुनिवासात धावत आल्या, कारण त्यांच्या लॅब्राडोरने नातवाच्या हातचे क्रीमचे बिस्कीट हिसकावले होते. त्यांना बसवून पाणी दिले आणि गणित सांगितले. तीस किलोंचा कुत्रा आणि बिस्किटातला कोकोचा वास! भीतीचे राज्य मला नको आहे. मला फक्त ‘आमच्या काळूला काही झालं नाही’ हे वाक्य थोडे मागे सरावे असे वाटते, आणि कोको पावडरीचा डबा, काळ्या चॉकलेटची वडी आणि केकचे ताट कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर राहू नये. तरीही घडलेच, तर लक्षणांची वाट पाहू नये. लक्षणे दोन तासांनी दिसतील, कधी सहा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा. आणि ती दिसतात तेव्हा विष रक्तात पोहोचलेले असते. कागद, वजन, वेळ. डॉक्टरला फोनवर एवढे सांगितले, तर पुढचे तो सांगेल. आपल्या भागात आता पशुवैद्य आहेत. एकेकाळी आजारी जनावर घेऊन थेट परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयापर्यंत जाणारी माणसे मी पाहिली आहेत.

बोटीवरच्या मुलाला त्याच्या आईने हे सारे कळविलेच नव्हते. २०२३ च्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला तेव्हा भाच्यानेच त्याला सांगितले. तो मला भेटायला आला, पण त्याविषयी काही बोलला नाही. डॉक्टरचा पत्ता तेवढा विचारून घेतला. अजूनही नाताळला तो आईला काळे चॉकलेटच पाठवितो, कारण तिला तेच आवडते. ते आता कपाटाच्या वरच्या फळीवर, भाताच्या जुन्या डब्यात, झाकण घट्ट लावून असते. टफी त्या कपाटाखाली जाऊन बसतो, आणि वर पाहत राहतो.